बँकेत आवाज चढवू नका, तारीख लिहून घ्या

ऑगस्टची १९ तारीख, गणपतीला आठवडा राहिलेला. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एका एटीएममध्ये दहा हजार काढायला गेले, दुसऱ्या दिवशी पहाटे गावाला निघायचं होतं. मशीनने आतल्या आत नोटा मोजल्याचा खडखडाट केला, मग गप्प, मग स्क्रीनवर सॉरी, आणि मोबाईलवर मेसेज की खात्यातून १०,००० वजा. हातात काहीच नाही. मशीन एका बँकेचं, कार्ड दुसऱ्या बँकेचं. बाहेरचे वॉचमन काका म्हणाले, "ताई, येतात दोन दिवसांत, सगळ्यांचे येतात." कस्टमर केअरला फोन लावला, त्यांनी "नोंद केली मॅडम" म्हटलं, मी घाईत होते, तक्रार नंबर विचारलाच नाही आणि गाडी पकडून गावाला गेले.

वागळे इस्टेटमध्ये सतरा वर्षं अकाउंट्स बघतेय मी, बिल्डिंगमधले अर्धे लोक बँकेचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, आणि मीच नंबर घेतला नाही. असो.

गौरी-गणपती उरकून ३ सप्टेंबरला शाखेत गेले तर त्या फोनची नोंद सापडेना. तिथेच उभ्या उभ्या एक पानी अर्ज लिहिला, एक प्रत दिली, दुसरीवर शिक्का घेतला. ८ तारखेला पैसे जमा. म्हणजे विसाव्या दिवशी. कायद्याने किती दिवसांत यायला हवे होते, तर पाच.

आरबीआयचं सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत बँकेने आपणहून पैसे परत टाकायचे, त्यानंतर उशीर झालेल्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही न मागता. आता हे "न मागता" कागदावर आहे, प्रत्यक्षात बऱ्याचदा मागावी लागते. माझा हिशोब असा: १९ अधिक पाच म्हणजे २४ ऑगस्ट शेवटचा दिवस, पैसे आले ८ सप्टेंबरला, उशीर १५ दिवस, भरपाई १,५०० रुपये. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण म्हणजे बँकेतल्या जवळजवळ प्रत्येक हक्काला एक दिवसांचा आकडा चिकटलेला असतो. तीन दिवस, पाच, पंधरा, तीस. आणि तो आकडा कुठल्या तारखेपासून मोजायचा हे तुमच्याकडे लेखी नसेल तर काउंटरवर कितीही भांडा, समोरचा म्हणणार सर्व्हर डाउन आहे, उद्या या. त्याचंही चुकत नाही फार, त्याच्यापुढे चाळीस लोकांची लाईन असते. शिक्क्यावरची तारीख मात्र टाळता येत नाही.

पैसे अडकले तर

एटीएमचा प्रॉब्लेम झाला की मशीन कोणाचं आहे ते विसरा, तक्रार आपल्या कार्डाच्या बँकेकडेच करायची. लोक मशीनवाल्या बँकेच्या शाखेत जाऊन भांडतात आणि अख्खी सकाळ घालवतात. तिथून निघण्याआधी मशीनवर चिकटवलेला एटीएम आयडी आणि स्क्रीनचा फोटो काढा, स्लिप आली तर ती ठेवा. स्लिपची शाई महिन्याभरात उडते म्हणून तिचाही फोटो.

यूपीआयचं वेगळं. एकाने दुसऱ्याला पाठवलेले अडकले, तुमचे कापले गेले आणि त्याला मिळाले नाहीत, तर पुढच्या दिवसाच्या आत परत. दुकानदाराला क्यूआर स्कॅन करून दिलेले अडकले तर पाच दिवस. त्यापुढे दोन्हीला रोज १०० रुपये तसेच लागू. जांभळी नाक्यावर भाजी घेताना पेमेंट पेंडिंग दाखवतं आणि भाजीवाली मावशी म्हणते "नाय आले", तेव्हा लगेच परत पाठवू नका, दोन मिनिटं थांबा, कारण कधीकधी दोन्ही जातात आणि मग मावशीकडून परत मागताना आपल्यालाच कसंतरी होतं. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तिथूनच तक्रार टाकायची, बारा आकडी व्यवहार नंबर कॉपी करून ठेवायचा.

पण चुकीच्या माणसाला पाठवले असतील, म्हणजे नंबरचा एक आकडा चुकला, तर त्याला हा नियम लागत नाही कारण व्यवहार फेल झालेलाच नाही. आपल्या बँकेला लगेच कळवायचं, ते समोरच्याच्या बँकेला कळवतात, आणि पैसे परत येणं समोरच्याच्या होकारावर राहतं. म्हणून मोठी रक्कम असेल तर आधी एक रुपया पाठवा, फोन करून विचारा आला का, मग बाकीचे. माझा मुलगा हसतो मला यावरून. हसू दे.

फ्रॉड झाला तर पहिला तास

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, बहात्तर वय, स्वभावाने अतिशय शिस्तीचे, यांना मेसेज आला की आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाणार, या नंबरवर फोन करा. फोन केला, समोरच्याने गोड बोलून एक ॲप टाकायला लावलं, दहा रुपये भरायला सांगितले, आणि तासाभरात खात्यातून साठ हजार गेले. काकांनी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. मुलाला कळलं तर काय म्हणेल, सून काय म्हणेल. त्या दोन दिवसांत आणखी वीस हजार गेले.

काकांना मी रागावले नाही, पण नियम समजावला तो तुम्हालाही सांगते. जुलै २०१७ पासून आरबीआयचा नियम असा की तुमची काही चूक नसताना खात्यातून ऑनलाइन किंवा कार्डावरून पैसे गेले, आणि चूक बँकेची असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुठेतरी डेटा फुटला, तरीही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन वर्किंग डेजमध्ये कळवलंत तर शून्यच. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या सेव्हिंग खात्याला जास्तीत जास्त १०,००० चा फटका तुमच्याकडे. सातच्या पुढे गेलात तर बँकेच्या पॉलिसीवर अवलंबून, म्हणजे थोडक्यात रामभरोसे. कळवल्यावर दहा वर्किंग डेजमध्ये बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, तुमची नव्हे.

आता ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर? मग कळवेपर्यंत गेलेले पैसे तुमच्या माथी, पण कळवल्यानंतर जे जातील ते बँकेच्या माथी. काकांनी त्याच संध्याकाळी कळवलं असतं तर नंतरचे वीस हजार गेले तरी बँकेला भरावे लागले असते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करायचं. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा नाही, तिथे ठगांनीच स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले असतात. लगेच १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून ते गोठवायचा प्रयत्न होतो आणि जितक्या लवकर फोन तितके पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी सापडण्याचा चान्स. लाईन लागली नाही तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. मग बँकेला ईमेल, त्यात वेळ, रक्कम, व्यवहार नंबर. ईमेल का, तर फोनवरचं सिद्ध करता येत नाही, ईमेलवर वेळ छापली जाते. त्यानंतर घरच्यांना सांगा, आणि खरं तर घरच्यांना आधीच सांगा.

आधीच करून ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद ठेवा, ऑनलाइनची मर्यादा कमी करा, ऑक्टोबर २०२० पासून हे ऑन-ऑफ करायची सोय प्रत्येक बँकेने द्यायचीच आहे, ॲपमध्ये कार्ड सेटिंगमध्ये असतं. कार्ड टॅप करून पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही हे माहीत असू द्या, नको असेल तर तेही बंद होतं. आणि यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, एफडी आणि बाकीची पुंजी दुसऱ्या खात्यात जे रोज मोबाईलवर उघडत नाही. पैसे मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे आईबाबांना रोज नाही तर दर रविवारी सांगत जा. आणि डिजिटल अरेस्ट नावाचं कुठलंही कलम आपल्या कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवरचा पोलीस कितीही खाकी दिसला तरी.

एफडी करायला गेले आणि पॉलिसी घेऊन आले

नेरुळची माझी मावशी शाखेत एफडी रिन्यू करायला गेली. गोड मुलगी होती काउंटरवर, म्हणाली, "आजी, यात एफडीपेक्षा जास्त मिळतात." तीन लाख दिले. घरी महिन्याने जाडजूड लिफाफा आला, मावशीने तो टीव्हीखाली ठेवला. मी दिवाळीला गेले तेव्हा उघडला तर विमा पॉलिसी, आणि पुढची चार वर्षं दर वर्षी तीन लाख भरायचे! मावशीचं पेन्शन किती हे त्या मुलीला खात्यात दिसत होतंच की.

यातून सुटायचा रस्ता आहे पण मुदतीचा. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, २०२४ पासून वर्षभराच्या किंवा त्याहून जास्त मुदतीच्या सगळ्या जीवन विमा पॉलिसींना ३० दिवस झालाय, आधी बऱ्याचदा कमी होता. त्या दिवसांत "पॉलिसी नको" असं लेखी द्यायचं, थोडीफार स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांचा रिस्क प्रीमियम कापून बाकी परत मिळतात. मावशीचा दिवस होता सव्विसावा. भाऊबीज सोडून आम्ही अर्ज टाईप करत बसलो होतो, दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला ईमेल आणि शाखेत प्रत. परत आले पैसे.

म्हणून शाखेत कुणी एफडीपेक्षा जास्त म्हटलं की एकच प्रश्न विचारा, "याच्या पावतीवर फिक्स्ड डिपॉझिट लिहून येणार का?" उत्तर नाही असेल तर उठा. तसंच लॉकर हवा असेल तर विमा घ्या, होमलोन हवं तर आमच्याच कंपनीची पॉलिसी घ्या, असं म्हणणं चुकीचं आहे. लॉकरसाठी बँक फारतर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल इतकी एफडी मागू शकते, पाच लाखांची एफडी नव्हे. लॉकर शिल्लक नसेल तर वेटिंग लिस्टचा नंबर देणं बँकेला बंधनकारक आहे, तो मागा.

लॉकरचं आणखी एक. आग, चोरी, दरोडा, बिल्डिंग कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानेच हात मारणं यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडं तीन हजार तर तीन लाख. आजच्या सोन्याच्या भावात तीन लाखांत किती येतं ते बघा. आणि पूर आला, बँकेचा निष्काळजीपणा नव्हता, तर तेही नाही. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण लॉकर घेताना तो कुठल्या मजल्यावर आहे हे विचारायला पैसे पडत नाहीत.

पतपेढी, पाच लाख आणि नॉमिनी

आपल्या मराठी घरात एक खातं बँकेत आणि एक पतपेढीत असतंच. पिग्मीवाले दादा रोज दुकानात येतात, ओळखीचे असतात, आणि व्याज एक-दीड टक्का जास्त. माझं पतपेढीशी वैर नाही, माझ्या लग्नाचं अर्ध कर्ज पतपेढीनेच दिलं होतं. पण हे माहीत असून पैसे ठेवा की बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचा, विमा असतो, पतपेढीतल्या ठेवीला नसतो. नाव 'क्रेडिट सोसायटी' असेल तर ती बँक नाही, मल्टिस्टेट असली तरी नाही. तक्रारही आरबीआयकडे चालत नाही, राज्यातली पतपेढी असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं.

बँकेतला विमा किती, तर ५ लाख, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एकच लाख होता. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते हे आठवत असेल. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला आणि बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची असं ठरलं. हे ५ लाख एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. ठाण्यात तीन लाख, त्याच बँकेच्या वाशी शाखेत तीन लाख, म्हणजे सहा नाही, पाचच. एफडी ४,८०,००० ची आणि व्याज चाळीस हजार साठलं तर वरचे वीस हजार विम्याबाहेर. पण नवरा-बायकोचं जॉइंट खातं वेगळं धरतात आणि एकट्याचं वेगळं, त्यामुळे ज्यांच्याकडे रिटायरमेंटची रक्कम आलीय त्यांनी ती दोन-तीन बँकांत आणि दोन-तीन प्रकारे विभागावी. डोक्याला ताप आहे, वही करावी लागते, पण करा.

नॉमिनीचं तर मी सगळ्यांच्या मागे लागते. आमच्या आत्याचे यजमान गेले, एफडीवर नॉमिनी नव्हता, त्यानंतर आत्याने ठाणे कोर्टाच्या आणि बँकेच्या ज्या फेऱ्या मारल्या त्यात तिची एक चप्पल झिजली असं तीच हसत सांगते आता, तेव्हा रडायची. नॉमिनी असेल तर बँक वारसा दाखला मागू शकत नाही, रक्कम कितीही असो, आणि कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत क्लेम द्यायचा असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून एकत्र, किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे बरं का, तो पैसे घेऊन कायदेशीर वारसांपर्यंत पोचवणारा, घरात वाद असतील तर मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं.

आज घरी गेल्यावर पासबुकचं पहिलं पान बघा. 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' असं छापलेलं पाहिजे. नसेल तर फॉर्म भरा आणि पोचपावती घ्या, पावती द्यायचा नियम आहे. एफडी जुनी असेल, लग्नाआधीची, तर नॉमिनी अजून आईच असेल, बायको नसेल. हे फार घरात निघतं.

जुनी विसरलेली खाती असतील, आजोबांचं एखादं, तर दहा वर्षं हात न लावलेली रक्कम आरबीआयच्या एका फंडात जाते पण बुडत नाही, वारस बँकेतूनच मागू शकतो. कुठल्या बँकेत आहे हे शोधायला ऑगस्ट २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडल्यासारखं होतं, ते पुन्हा चालू करायला पैसे घेता येत नाहीत.

मिनिमम बॅलन्सचं थोडक्यात

ऐरोलीतल्या आयटीवाल्या पोरांचं हे नेहमीचं, जॉब बदलतात, जुन्या सॅलरी खात्यात पगार येणं थांबतं, ते गुपचूप साधं सेव्हिंग होतं आणि चार्जेस सुरू. नियम असा की दंड लावायच्या आधी बँकेने मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवून किमान एक महिना द्यायचा, दंड किती कमी पडले त्या प्रमाणात लावायचा, आणि फक्त या दंडामुळे खातं मायनसमध्ये न्यायचं नाही. मायनस दिसलं तर लेखी मागा परत. नाहीतर बेसिक सेव्हिंग खातं मागा, शून्य बॅलन्सचं, एटीएम कार्ड फुकट, मात्र त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग ठेवता येत नाही.

होमलोन आणि क्रेडिट कार्ड

घोडबंदर रोडवर घर घेतलेल्या कोणालाही विचारा, वीस वर्षांचं लोन कधी चोवीस वर्षांचं झालं हे त्याला कळलेलं नसतं. व्याजदर वाढला की बँक ईएमआय तोच ठेवते आणि मुदत वाढवते. ऑगस्ट २०२३ च्या नियमाने बँकेने तुम्हाला विचारायचं आहे, ईएमआय वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं. वर्षातून एकदा स्टेटमेंट मागून उरलेले हप्ते मोजा.

चाळीस लाखांचं लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर ईएमआय ३४,७१३ च्या आसपास. त्यातले पहिल्या महिन्यात २८,३३३ निव्वळ व्याज, मुद्दल फक्त ६,३८०. म्हणून बोनस आला की सुरुवातीच्या वर्षांतच लोनमध्ये टाका, फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या, घरासाठीच्या लोनवर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लावता येत नाही. आणि लोन फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, १ डिसेंबर २०२३ पासून उशिराला दिवसाला ५,००० रुपये. हो, पाच हजार. म्हणून लोन फिटल्याची तारीख ईमेलवर घ्याच, तोंडी "झालं हो क्लिअर" चालत नाही.

क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू हा शब्द मला सगळ्यात वाईट वाटतो. वीस हजारांच्या बिलावर हजार भरून मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. असं झालं असेल तर एफडी मोडा. सात टक्क्यांची एफडी ठेवून बेचाळीस टक्के भरणं यात काय शहाणपण. कार्ड नको असेल तर सगळं भरून लेखी कळवा, सात वर्किंग डेजमध्ये बंद नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, केला तर वेळेसकट स्क्रीनशॉट. सिबिल ही आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, तिचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, असंच काम करणाऱ्या बाकीच्या तीन कंपन्यांकडूनही एकेक, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक काढता येतो. पैसे भरून काढू नका. त्यात चूक असेल आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत सुधारली नाही तर इथेही रोज १०० रुपये.

अर्ज कसा लिहायचा

मराठीत लिहा, बिनधास्त. रिटेल ग्राहकांचे फॉर्मसुद्धा बँकेने इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत ठेवायचे असतात. भावना नको, "तुमची बँक चोर आहे" वगैरे नको. माझा तेव्हाचा अर्ज साधारण असा होता:

प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: १९ ऑगस्टचा अयशस्वी एटीएम व्यवहार. माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार आकडे अमुक) दिनांक १९ ऑगस्ट रोजी संध्याकाळी ७.४० वाजता १०,००० रुपये वजा झाले, रोख मिळाली नाही. एटीएम आयडी अमुक, व्यवहार नंबर अमुक. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम २४ ऑगस्टपर्यंत जमा होणे आवश्यक होते. रक्कम आणि २५ ऑगस्टपासून जमा होईपर्यंत प्रतिदिन १०० रुपये भरपाई जमा करावी. ३ ऑक्टोबरपर्यंत निराकरण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करेन.

बस एवढंच. खाते नंबर पूर्ण लिहायची गरज नाही. दोन प्रती, एकावर शिक्का, तारीख, सही. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून तोच मजकूर बँकेच्या तक्रार ईमेलवर पाठवा आणि सांगा पाठवलाय म्हणून, बऱ्याचदा मग शिक्का सापडतो. चेकचंही असंच, ड्रॉपबॉक्समध्येच टाका असं सांगतात पण काउंटरवर दिला तर पोचपावती नाकारता येत नाही.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर आलं पण पटलं नाही, तर लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशाला एकच योजना आहे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार टाकायची, फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर तिथे फेटाळतात, त्यामुळे शिक्क्याची प्रत जोडायचीच. अडलं तर १४४४८ वर फोन करून विचारता येतं. बेलापूरच्या आरबीआयच्या बिल्डिंगला खेटे घालू नका, पोस्टाने पाठवलेली तक्रारसुद्धा चंदीगडच्या सेंटरला जाते.

मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. ८ सप्टेंबरला दहा हजार आले आणि बँकेचा ईमेल आला की तुमची तक्रार क्लोज केली. भरपाईचा उल्लेख नाही. त्याच ईमेलला उत्तर दिलं, १५ दिवस गुणिले १००, वर परिपत्रकाची तारीख, खाली शिक्क्याच्या अर्जाचा फोटो, आणि ३ ऑक्टोबर पुन्हा ठळक अक्षरात. दोनदा फोन आला की मॅडम पैसे तर आले ना तुमचे, मी म्हटलं आले, आता १,५०० राहिले. २६ सप्टेंबरला पासबुक भरायला टाकलं तर खालच्या ओळीत १,५०० जमा, पुढे काहीतरी कोड छापलेला. काउंटरवरच्या मुलाने पासबुक उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे कसलं क्रेडिट आहे?"